चौदा मुलांच्या शाळेत एकच बाई: तिचा पगार जास्त की रास्त?

सत्तरी_पालक

गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी मिळून चौदा मुलं आणि शिकवायला एकच बाई. गेल्या ग्रामसभेत विषय निघाला की एवढ्याशा मुलांसाठी सरकार महिन्याला ऐंशी हजार मोजतं, वर मे महिन्याची सुट्टी, चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी, दिवाळीची सुट्टी. बाईंचा पगार जास्त आहे, नाहीतर शाळाच दुसऱ्या शाळेत विलीन करा, इथपर्यंत बोलणं गेलं.

मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. पुढच्या सभेत 'शिक्षक राबतात हो' एवढ्यावर भागणार नाही. पगार कसा बनतो, सुट्ट्यांचा हिशेब काय, काम नेमकं किती, हे आकड्यांत हवं. जाणकारांनी सांगावं.

पगारबिल

ऐंशी हजार हा आकडा बरोबर आहे, पण तो दहा वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेचा आहे आणि कपातीपूर्वीचा आहे. हिशेब लेवल ६ (वेतनश्रेणीचा सहावा स्तर) धरून आणि घरभाड्याला केंद्राचा दर लावून देतो. नेमणूकपत्रावर दुसरी लेवल असली तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेवल ६ ची पहिली पायरी ३५,४००. जुलै २०२५ पासूनचा महागाई भत्ता ५८ टक्के, म्हणजे २०,५३२. घरभाडे १० टक्के, ३,५४०. एकूण ५९,४७२. यातून मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के एनपीएसमध्ये (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत) जातात, ५,५९३. बाकी किरकोळ कपाती सोडल्या तर नवीन शिक्षिकेच्या हातात ५४ हजारांच्या आत पडतात.

वेतनवाढ वर्षाला ३ टक्के, शंभराच्या पटीत. दहा वाढी झाल्या की मूळ पगार ४७,६००. त्यावर भत्ता २७,६०८, घरभाडे ४,७६०, बेरीज ७९,९६८. एनपीएसचे ७,५२१ गेले की ७२ हजारांच्या आसपास. ग्रामसभेत जो आकडा फिरतोय तो हा.

आता रास्त की कसं? केंद्राच्या तक्त्यात कनिष्ठ अभियंता लेवल ६ वर, परिचारिका लेवल ७ वर, कनिष्ठ लिपिक लेवल २ वर, म्हणजे १९,९०० पासून. प्राथमिक शिक्षकाला बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड (प्राथमिक शिक्षणाची पदविका) आणि वर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. बीएड झालेल्यांना प्राथमिकचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केला. एवढी तयारी मागून कनिष्ठ अभियंत्याच्या बरोबरीला बसवलं, यात वावगं काही नाही. पण पगार कमी आहे असंही सभेत म्हणू नका. नियमित शिक्षकाची श्रेणी चांगली आहे, ते मोकळेपणाने मान्य करा आणि मगच पुढचं बोला.

एक मात्र जोडा. जुनी निवृत्ती योजना असलेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. एनपीएसवाल्यांना निवृत्तीवेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी (दरमहा पेन्शन देणारी विमा योजना) घ्यावी लागते, आणि तिचा महिना किती बसेल ते बाजारावर ठरतं. आज सारखा पगार घेणाऱ्या दोन शिक्षिकांचं म्हातारपण यामुळे सारखं नाही.

चार_वर्ग_एक_फळा

वरचा हिशेब चोख आहे. आता काम बघू, कारण 'चौदा मुलं' ऐकलं की लोकांना वाटतं काम हलकं.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे. म्हणजे दिवसाला ४ तास. चार वर्ग, आणि प्रत्येकाचे मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास. हे झाले सोळा पाठ. २४० मिनिटांना सोळांनी भागा: एका वर्गाच्या एका विषयाला १५ मिनिटं. वर्गात मुलं चौदा असोत की चाळीस, ही १५ मिनिटं वाढत नाहीत.

त्या १५ मिनिटांत काय होतं ते गणितात बघा. तिसरीला हातच्याची वजाबाकी नवी आहे. बाईंनी ५२ वजा २७ फळ्यावर करून दाखवलं, पाच उदाहरणं दिली आणि पहिलीकडे वळल्या, कारण पहिलीची मुलं एकटी बसत नाहीत. इकडे एका मुलाने वरच्या २ मधून खालचे ७ जात नाहीत म्हणून ७ मधून २ वजा केले आणि उत्तर ३५ लिहिलं. पाचही उदाहरणं त्याने याच पद्धतीने केली. बाई परत येईपर्यंत चूक गिरवून पक्की झाली. दोन शिक्षक असते तर पहिल्याच उदाहरणाला ती दिसली असती.

यावर उपाय म्हणून पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी अशा जोड्या करतात. भाषा आणि परिसर अभ्यास जोडीने चालतो आणि वेळ दुप्पट मिळतो. गणिताची जोडी जमत नाही, कारण दुसरीचा पाया पहिलीतच पडायचा असतो. मोठ्या मुलांकडून लहानांना वाचून घेणं चांगलं, पण रोज केलं तर चौथीच्या त्या मुलाचाच अभ्यास मागे पडतो.

शिवाय माध्यान्ह आहार. जेवण स्वयंसहाय्य गट आणून देतो, पण मुलांना वाढण्याआधी निदान एका शिक्षकाने ते चाखायचं, ताटं मोजायची, नोंद करायची. हजेरीपट, युडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पुस्तकवाटप, सगळ्यावर सही एकाच बाईंची. त्या प्रशिक्षणाला गेल्या की एकतर शेजारच्या शाळेतून कुणीतरी येतं, नाहीतर मुलं घरी.

सगळ्यात महत्त्वाचं: त्याच परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत असं लिहिलं आहे. चौदा हा आकडा ६० च्या आतच येतो. तुमच्या गावात एका माणसाच्या पगारात दोन जागांचं काम चाललंय.

डिचोली_बाजार

दोन शिक्षक दिले तर एका मुलामागचा खर्च दुप्पट होणार, हे कोण बोलणार? ८० हजार भागिले १४ म्हणजे आजच महिन्याला ५,७०० रुपये एका मुलामागे जातात. एवढ्यात पालक कुठल्याही शाळेत घालू शकेल. आणि पालक सरकारी शाळेतून मुलं काढतात ती काही उगाच नाही. पगार चांगला मिळतो तर निकालही दिसला पाहिजे. शिक्षकाची वेतनवाढ मुलांच्या प्रगतीशी जोडलेली नाही, सगळ्यांना सरसकट ३ टक्के. मला हे रास्त वाटत नाही.

चार_वर्ग_एक_फळा

@डिचोली_बाजार, निकालाची अपेक्षा योग्यच. वेतनवाढ प्रगतीला जोडा म्हणता, तर चौदा मुलांच्या शाळेत चौथीत असतील तीन. त्यातलं एक आजारी पडलं की वर्गाची टक्केवारी तेहतीसने खाली. एवढ्या लहान संख्येवर कुणाचाही पगार ठरवणं अन्यायाचं होईल. शिवाय मुलांची प्रगती मोजणाऱ्याही त्याच बाई. पैसा गुणांवर लावला की गुण वाढतात, वाचन वाढेलच असं नाही.

पट कमी व्हायची कारणं मात्र बाईंच्या हातात नाहीत. १९९० पासून प्राथमिकला अनुदान मराठी आणि कोकणी माध्यमालाच होतं. २०११ नंतर इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही ते मिळू लागलं. त्यात अनुदानित शाळांचे बालरथ (मुलांना नेणाऱ्या बस) वाड्यावाड्यांत फिरतात. बालरथाने आईबापांची सोय झाली, त्यांना दोष नाही. पण वाड्यावरच्या शाळेचा पट त्यामुळे आटला आणि आता त्याच पटाने बाईंचा पगार मोजायचा, हे बरोबर नाही. पाच वर्षांच्या पोराला रानातल्या रस्त्याने तीन किलोमीटर चालवायचं नसेल तर तिथे शाळा लागते, आणि शाळा म्हटली की शिक्षक आला.

तासिका_फोंडा

सगळी चर्चा नियमित शिक्षकावर चालली आहे. गोव्यात खरा अन्याय बघायचा तर लेक्चर बेसिस (तासांवर पैसे) आणि कंत्राटावरच्या शिक्षकांकडे बघा. त्याच वर्गात, त्याच पुस्तकातून शिकवायचं, पेपर तपासायचे, स्नेहसंमेलन करायचं, आणि पैसे फक्त घेतलेल्या तासांचे. चवथीची सुट्टी लागली की पैसे नाहीत, मे महिन्यात नाहीत, परीक्षेच्या दिवसांत तास नाहीत म्हणून बिल अर्धं. महागाई भत्ता नाही, वेतनवाढ नाही. शैक्षणिक वर्ष संपलं की नेमणूक संपली, जूनमध्ये पुन्हा मुलाखत.

कायद्यात आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ च्या पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग निकालात म्हटलं की नियमित कर्मचाऱ्याचंच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या श्रेणीचा किमान पगार मिळाला पाहिजे. पण काम तेच आणि तेवढंच आहे हे दाखवायची जबाबदारी मागणाऱ्यावर असते, आणि दावे तिथेच अडतात. कारण कागद नसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून हे जपा: प्रत्येक वर्षाचं नेमणूकपत्र, मुख्याध्यापकांच्या सहीचं वेळापत्रक, तासांच्या नोंदवहीची महिन्याकाठी प्रत, बँकेत जमा झालेल्या रकमेचा उतारा, परीक्षा किंवा पर्यवेक्षणाचे आदेश. तोंडी सांगितलेलं काम पुढे सिद्ध होत नाही.

बाळंतपणाचंही सांगतो, कारण यात बायका गप्प बसतात. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर मातृत्व लाभाचा हक्क येतो, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे. आणि २०२३ च्या कविता यादव निकालानंतर, मध्येच कंत्राटाची मुदत संपली म्हणून हा लाभ तोडता येत नाही.

पगारबिल

तासांवर शिकवणाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. श्रेणी रास्त आहे हे मी म्हटलं ते श्रेणीत असलेल्यांपुरतंच.

आता सुट्ट्या, कारण सभेत तोच मुद्दा जोरात येणार. शिक्षक सुट्टीच्या विभागात मोडतात. लिपिकाला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते, शिक्षकाला जानेवारीत ५ आणि जुलैत ५, म्हणजे १० दिवस. न घेतलेली अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवून निवृत्तीला रोख मिळते. लिपिक दहा वर्षांत तिथे पोचतो. शिक्षिकेला एकही दिवस न घेता तीस वर्षं लागतात. मूळ पगार ४७,६०० धरला तर ३०० दिवसांचे ५८ टक्के भत्त्याने ७,५२,०८० होतात. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीची किंमत शिक्षक आपल्या रजेतून चुकवतो. ती फुकट नाही.

आणि ती सुट्टीही पूर्ण मिळत नाही. मतदार यादी, जनगणना, निवडणूक ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच अशैक्षणिक कामांच्या बंदीतून वगळलेली आहेत, त्यामुळे नाकारता येत नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यादीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशीच द्यावं. बीएलओचं (मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्याचं) मानधन २०२५ मध्ये वर्षाला ६,००० वरून १२,००० झालं. महिन्याला हजार रुपयांत घरोघर फिरणं, अर्ज भरून घेणं, ॲपवर चढवणं. इथे कामाच्या मानाने मोबदला सरळ सरळ कमी आहे.

सुट्टीत काम लागलं तर त्याची रजा मिळते, पण मागावी लागते. रीत अशी: बुडालेले दिवस भागिले पूर्ण सुट्टीचे दिवस, गुणिले २०. सुट्टी ६० दिवसांची आणि १२ बुडाले, तर ४ दिवस अर्जित रजा वाढते. वर्षाची एकूण ३० च्या वर जात नाही. लेखी आदेश असेल तरच हे जमतं. फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या गटात 'उद्या या' असा निरोप आला तर तारखांसकट लेखी आदेश मागून घ्यावा, काम संपल्यावर हजेरीचा दाखला घ्यावा, आणि त्याच वर्षी सेवापुस्तिकेत नोंद करून घ्यावी. तीन-चार वर्षांनी मागे जाऊन नोंद करायला टेबलावर कुणी तयार होत नाही, कारण त्या वर्षाचा रजेचा हिशेब बंद झालेला असतो.

सत्तरी_पालक

सगळ्यांचे आभार. पगाराचा मुद्दा स्पष्ट झाला. आता सभेत आणि समितीत प्रत्यक्ष काय मागायचं? दुसरी शिक्षिका मागितली तर 'पट वाढवा मग बघू' असं उत्तर येईल.

चार_वर्ग_एक_फळा

ग्रामसभेत पगारावर ठराव घेऊन काही होत नाही, तो अधिकार पंचायतीचा नाही. 'परिशिष्टाप्रमाणे दुसरा शिक्षक द्यावा' असा ठराव मात्र घ्या. पट वाढवा म्हणाले तर परिशिष्टाची ओळ वाचून दाखवा. ६० पर्यंत दोन, त्याखाली किमान पटाची अट त्यात नाही.

खरी जागा तुमची समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. हे प्रमाण नसेल तर आधी समिती नीट करा, नाहीतर तिच्या कागदावरच हरकत येते. मग कलम २२ खालचा शाळा विकास आराखडा. तीन वर्षांचा असतो, वर्गवार पट आणि जादा शिक्षकांची गरज त्यात लिहायची असते. बहुतेक ठिकाणी तिथे रंगरंगोटी आणि शौचालयाची दुरुस्ती एवढंच येतं, शिक्षकाचा रकाना कोरा राहतो. तुम्ही तो भरा: आज किती, परिशिष्टाप्रमाणे किती, कमी किती. सोबत वेळापत्रक आणि सोळा पाठांचा हिशेब जोडा. अध्यक्षांची आणि सचिवांची सही घेऊन आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी भागशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या, एक प्रत पर्वरीला शिक्षण संचालनालयात.

एक सावधगिरी. दुसरी जागा लेक्चर बेसिसवर भरतो असं कुणी सुचवलं तर ठरावात 'नियमित' हा शब्द आधीच घालून ठेवा. नाहीतर वरती फोंड्याच्या मित्राने सांगितलं तेच तुमच्या वाड्यावर होईल, आणि मे महिना आला की ती मुलगी दुसरी नोकरी शोधेल.