मदत हवी आहे: कुत्री दाढांना ब्रश लावू देत नाही

कुत्री चार वर्षांची, मध्यम आकाराची. पुढचे दात आणि सुळे निवांत घासू देते. ब्रश दाढांकडे वळला की मान फिरवते, जबडा घट्ट मिटते. चावणं-गुरगुरणं नाही, नुसता हट्ट. आणि टार्टर (दातांवर साचून कडक झालेला थर) नेमका तिथेच, वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला, धरायला लागलाय.

डॉक्टरांनी तोंड तपासलंय. हिरड्या किंचित लाल आहेत, दात हलत नाहीत, भूल देऊन सफाई करायची वेळ अजून आलेली नाही.

पेस्ट कुत्र्यांचीच, एन्झाइमवाली आहे. माणसांची चालत नाही (फ्लोराइड, काहींत झायलिटॉल) हे माहीत आहे, तो सल्ला कृपया नको. बोटात घालायचा रबरी ब्रश, लहान मुलांचा मऊ ब्रश, बोटाला गुंडाळलेलं ओलं गॉज, सगळं करून पाहिलं. गॉज त्यातल्या त्यात चालतं, पण हिरडीच्या कडेला नीट पोचत नाही. पेस्ट चाटायला मात्र बाईसाहेब एका पायावर तयार! चघळायच्या काड्या न चावताच गिळते, म्हणून त्या बाद. दोघांनी धरून घासायचं नाहीये. भीती बसली तर पुढचे दातही हातचे जातील.

आतली बाजू सध्या सोडून दिली आहे, बाहेरची दिवसाआड तरी व्हावी एवढंच. मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा घासून भागणार नाही.

तर तोंड न उघडता, गालाच्या आतून ब्रश मागच्या दाढेपर्यंत कसा नेता? दुसरा हात कुठे ठेवता, ब्रश किती तिरका धरता? आणि गॉजवरून ब्रशवर आणताना तुमच्या कुत्र्याला सवय कशी लावलीत?