मदत हवी आहे: कायदेशीर पालक नेमलेल्या प्रौढांची विचारपूस कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी पणजीत कायद्याचं शिक्षण घेतेय. आमच्या लीगल एड सेलमधले काही जण एक काम सुरू करायच्या बेतात आहोत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या ज्या प्रौढांना १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालक नेमून दिलाय, त्यांना अधूनमधून भेटायचं आणि जे दिसेल ते स्थानिक स्तर समितीला (या कायद्याखाली पालक नेमणारी समिती) कळवायचं.

कायद्यात देखरेख आहे, पण ती हिशेबाची. पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत जमाखर्च. त्या व्यक्तीला घराबाहेर कोणी नेतं का, दिवसभर तिच्याशी कोणी बोलतं का, हे त्या कागदात कुठून येणार? अमेरिकेत टेक्सासमधल्या प्रोबेट कोर्टांचे 'कोर्ट व्हिजिटर' असतात; ते प्रत्यक्ष भेटून न्यायाधीशांना अहवाल देतात. तसं काही इथे व्हावं असं फार वाटतं.

गोव्यात तर जास्तच. आपल्या वारसा कायद्यात आईवडिलांच्या मालमत्तेचा निम्मा वाटा मुलांसाठी राखीव, म्हणजे बोलू न शकणारा भाऊसुद्धा घर-बागायतीचा वाटेकरी. इन्व्हेंटरीच्या (वारसांमध्ये मालमत्ता वाटून देण्याच्या कोर्टातल्या कारवाईच्या) वेळी त्याच्या वतीने बोलणारा पालक स्वतःच दुसरा वाटेकरी असू शकतो. अर्थात सगळ्यांकडे संशयाने बघायचं नाहीये. सत्तरीतल्या आया चाळिशीतल्या मुलाला उचलून आंघोळ घालतात, त्यांच्या दारात चौकशी अधिकारी होऊन जाणं मला पटणार नाही.

अडचण अशी की पालक समोर बसून सगळी उत्तरं स्वतः देतात. त्यांना न दुखावता त्या व्यक्तीशी थोडा वेळ एकटं कसं बोलावं? बोलता येत नसेल तर काय करावं? आणि खरंच काही वावगं दिसलं तर?

प्रतिसाद १
मी फोंड्याला विशेष शिक्षिका होते. पहिल्या भेटीत वही काढूच नका. आत येऊ का, हे आधी त्या व्यक्तीला विचारा, मग घरच्यांना. एकटं बोलायचं तर घराऐवजी ती जिथे जाते त्या केंद्रात किंवा कार्यशाळेत भेटा, म्हणजे आईला 'बाहेर जा' म्हणायची वेळच येत नाही. आमची बरीच मुलं समोरच्याला बरं वाटावं म्हणून प्रत्येक गोष्टीला 'हय' म्हणतात. म्हणून तोच प्रश्न थोड्या वेळाने उलटा विचारून बघा. न बोलणाऱ्यांचं हो-नाही ठरलेलं असतं, कुणाचं डोळ्यांनी, कुणाचं बोटाने. ते घरच्यांकडून आधी शिकून घ्या आणि उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर पडताळा. विचारल्यावर थांबा, बाळा. घाईत पुढचा प्रश्न टाकला की पहिलं उत्तर तिथेच विरतं.

प्रतिसाद २
मडगावात वकिली करतो. समितीचं पत्र घेतल्याशिवाय जाऊ नका, कुणाच्या घरात शिरण्याचा तुम्हाला स्वतःचा असा काही अधिकार नाही. पालकाला हटवण्याचा अर्ज कलम १७ खाली आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्थाच करू शकते, तेव्हा एखादी संस्था सोबत हवीच. पण छळ किंवा पिळवणूक होतेय असं मानायला कारण असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं, तुम्हीसुद्धा. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे तिला स्वतःला सांगा, पालकाला नव्हे.

धागाकर्ती
ताई, सर, मनापासून आभार. केंद्रात भेटायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आता एकच विचारते. एखाद्याने विश्वासाने काही सांगितलं आणि 'दादाला सांगू नको' म्हणाला, तर काय करायचं? अहवाल समितीकडे जाणार, समिती पालकाला बोलावणार, आणि सांगणारा संध्याकाळी त्याच घरात असणार. अशा भेटी कुणी घेतल्या असतील तर कृपया लिहा, सुरुवात करण्याआधी हे ठरवायचंय.