मदत हवी आहे: दुकानाच्या नेटला पैसे भरपूर जातात, काम अडतंच. बिझनेस प्लॅन घेऊ का?

हळदकुंडा (धागाकर्ता):
राम राम मंडळी. वसमतला मोंढ्याजवळ माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तीन कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, झेरॉक्स. भिंतीला भिंत लागून थोरल्या भावाची हळदीची आडत. दोघांत मिळून एकच फायबर कनेक्शन, तेही माझ्या नावावर. २०० एमबीपीएसचा प्लॅन, महिन्याला १,४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७६९ रुपये.

एवढं देऊनही ऐन गर्दीत नेट रडायलंय. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की दारात रांग, अन् सातबारा-पासबुक अपलोड करताना ते चक्र फिरतच राहतं. माणूस म्हणतो, "तुमचं नेटच मंद हाय, पलीकडं जातो." वर लाइट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू, नेट मात्र गुल.

परवा कंपनीचा माणूस येऊन गेला. ३०० एमबीपीएसचा बिझनेस प्लॅन ३,५०० ला, स्टॅटिक आयपीचे (म्हणजे कधी न बदलणारा नेटवरचा पत्ता) पैसे वेगळे. "धंद्याला स्टॅटिक आयपी लागतोच" म्हणाला. भावाचे चार कॅमेरे आहेत, तो हिंगोलीत बसून मोबाईलवर बघतो, म्हणून त्याला पटलं. मला पटंना. दिवाळीआधी ठरवायचंय.

बाभूळबन:
सही करू नका अजून. वाय-फाय बाजूला ठेवा, राउटरपासून एक केबल थेट एका कॉम्प्युटरला लावा आणि स्पीड टेस्ट घ्या. सकाळी एकदा, संध्याकाळी सातला एकदा. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही आकडे इथं टाका. मग तीच टेस्ट वाय-फायवर.

२०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २०० एमबी नव्हे. आठानं भागायचं, २५ एमबी येतात. स्कॅन केलेला सातबारा काहीशे केबीचा. त्याला १० एमबीपीएससुद्धा पुष्कळ झाले. शेवटच्या तारखेला त्या पोर्टलवर अख्खं राज्य तुटून पडतं, तिथं तुम्ही ५०० चा प्लॅन घेतला तरी चक्र फिरणारच. चक्र फिरत असताना दुसऱ्या खिडकीत एखादी वेगळी साइट उघडून बघा. ती पटकन उघडली तर तुमच्या लाइनला बोल लावू नका. गिऱ्हाईकालाही तेच दाखवा, निम्मी भांडणं मिटतात.

तारवाला:
मी काही वर्षं फायबर जोडणीचं काम केलंय. दोन गोष्टी विचारतो. एक, फायबरचा डबा, म्हणजे बाहेरून आलेली फायबरची वायर ज्यात जाते तो, कुठल्या प्लगवर आहे? दुसरं, त्याच्या सेटिंगमध्ये फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद (डीबीएममध्ये) किती दिसते? आकडा उणे असतो. उणे १८ ते २२ असेल तर निवांत. उणे २७ च्या खाली घसरला असेल तर कुठंतरी वायर दुमडलीय किंवा जोड खराब आहे, ऑपरेटरला बोलवून जोड नवा करून घ्या. ते काम फुकट करायला लावा, प्लॅन वाढवून बरं होणारं दुखणं नाही ते.

हळदकुंडा:
टेस्ट घेतल्या. केबलवर सकाळी डाउनलोड १९२, संध्याकाळी १६५. अपलोड दोन्ही वेळी २० च्या आसपास. माझ्या टेबलावर वाय-फायनं डाउनलोड १४! राउटर भावाच्या गादीमागं, मधी जुनी दगडी भिंत. प्रकाश उणे २१.

अन् तारवाले भाऊ, हसू नका. डबा भावाच्या बाजूच्या साध्या प्लगवर आहे. इन्व्हर्टरची वायर तिकडं नेलीच नव्हती. दोन वर्षं मी ऑपरेटरला शिव्या घालतोय.

तारवाला:
हसलो नाही, पण चहा पाजा. म्हणजे लाइन ठणठणीत आहे, मधली भिंत खराब आहे. राउटर वाय-फाय दोन पट्ट्यांत देतो; ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय दगडी भिंतीपुढं हात टेकतो, २.४ चा थोडा जास्त आत जातो पण मोंढ्यात प्रत्येक गाळ्याचा राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतो. तिन्ही कॉम्प्युटरना राउटरपासून कॅट ६ ची (नेटची) केबल ओढा, पैसे एकदाच लागतात. डब्याला अन् राउटरला छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी दोघांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट अन् अँपिअर वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतात. शिवाय ऑपरेटरकडच्या मशीनला बॅकअप आहे का तेही विचारा. तिकडंच अंधार असेल तर तुमचा यूपीएस काय करणार?

कडबाकुट्टी:
कॅमेऱ्यांचं मी सांगते, आमच्या कृषी केंद्रात आहेत. मोबाईलवर बघायला स्टॅटिक आयपी लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून ॲपमध्ये जोडलेत ना, तो रस्ता कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. भाऊ चारही कॅमेरे एकदम मोठ्या क्वालिटीत उघडून बसत असतील, तर ८-१० एमबीपीएस अपलोड तिथंच जातो, आणि तुमचा अपलोड आहेच २०. ॲपमध्ये सबस्ट्रीम (कमी क्वालिटीचं हलकं चित्र) निवडायला लावा, रेकॉर्डिंग चांगलंच राहतं. तुमचे कागद अडकतात ते बहुधा यामुळं.

आडतीचा जीएसटी नंबर असेल तर त्यांनी स्वतःच्या नावावर कनेक्शन घेऊन बिलावर तो नंबर टाकून घ्यावा. ते १८ टक्के इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे त्यांना भरायच्या जीएसटीतून वजा, मिळू शकतात. एका लाइनीवर दोन धंदे चालवणं करारात बसतं का, तेही वाचा. आणि सूट आहे म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. आम्ही भरले, तिसऱ्या महिन्यात सर्व्हिस ढेपाळली, आता फोनसुद्धा उचलत नाहीत.

हळदकुंडा:
खबर देतो. केबल ओढली, यूपीएस बसवला, भावाला सबस्ट्रीम लावून दिली (चित्र बारीक दिसतं म्हणून दोन दिवस रुसला होता). काल लाइट गेली तर रांगेतल्या कुणाला कळलंसुद्धा नाही. बिझनेस प्लॅन नको म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यापासून माझा १०० एमबीपीएसचा, ९९९ अधिक जीएसटी, आणि भावाचं त्याच्या नावावर वेगळं.

आता एकच राहिलं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं वायर तोडली की दीड-दोन दिवस जातात. भाऊ दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायचं म्हणतोय, म्हणजे अडल्या वेळी एकमेकांना होईल. पण बघितलं तर तिची वायर आमच्याच खांबावरून येते. त्यापेक्षा सिम टाकायचा ५जी राउटर बरा का? मोंढा भागात दुपारी अन् संध्याकाळी ५जी टिकतं का, कुणी वापरत असेल तर आकड्यासकट सांगा.

बाभूळबन:
एकाच खांबावरच्या दोन लाइनी जेसीबीला एकच घास. सिमचंच बघा. पण राउटर घेण्याआधी त्या कंपनीचं सिम मोबाईलमध्ये टाकून आठवडाभर गल्ल्यावर ठेवा, रांग असेल तेव्हाच टेस्ट घ्या.