बहिणीला एमएस निघालाय, पुण्यात कुणाला अनुभव आहे का?

पौडफाटा:
नमस्कार मंडळी. धाकटी बहीण, वय २७, हिंजवडीत नोकरी. फेब्रुवारीत डाव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून पंधरा दिवस घालवले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेट न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि निदान मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस: शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिल्यावर नजर बरीच परत आलीय. आता पुढचे अटॅक टाळायला डॉक्टर म्हणतात, एकतर डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळ्या, नाहीतर दर सहा महिन्यांनी सलाइनमधून रिटुक्सिमॅब. ही म्हणते, "आता दिसतंय ना? मग पुढचा अटॅक आला की बघू." आई रोज विचारते, आपलं काय चुकलं. काय करावं? असे आणखी कुणी पुण्यात भेटतात का?
(आजीने सोसायटीत सांगून टाकलं, नातीला एमएस आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे वा, कुठल्या युनिव्हर्सिटीत?")

दांडेकरपूल:
काकूंना सांगा, याचा कोर्स जन्मभर चालतो.
मला अकरा वर्षं झाली. थांबू नका. पहिल्या अटॅकनंतर माझाही डोळा सुधारला, म्हणून मी दोन वर्षं औषधाशिवाय काढली. पुढचा अटॅक पायावर आला आणि तो पाय पूर्ण सुधारला नाही. जिना उतरताना अजून कठडा लागतो. बाहेरून सगळं ठीक दिसत असलं तरी एमआरआयवर नवे डाग पडत राहतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

नेमकी याच दोन औषधांची तुलना स्वीडनमध्ये झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०० रुग्ण, दोन वर्षं. फ्युमरेटवाल्यांपैकी १६ टक्क्यांना पुन्हा अटॅक आला, रिटुक्सिमॅबवाल्यांपैकी ३ टक्क्यांना. रिटुक्सिमॅब मुळात लिम्फोमा या कॅन्सरचं औषध, त्यामुळे गूगल केलंत की कॅन्सर कॅन्सर दिसेल, घाबरू नका. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलंय. आपल्याकडे भारतीय कंपन्यांचं मिळतं, त्यामुळे त्याच जातीच्या ओक्रेलिझुमॅबपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. पण प्रतिकारशक्ती दबते. आधी हिपॅटायटिस बी आणि टीबीच्या तपासण्या हव्यात, राहिलेल्या लसीही आधीच उरकायच्या. गोळ्या निवडल्यात तर भरल्या पोटी घ्यायच्या, नाहीतर पोट बिघडतं आणि तोंड लालेलाल होतं.

आणखी एक विचारा: अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या अँटिबॉडीच्या टेस्ट झाल्यात का? एनएमओ नावाचा आजारही डोळ्यापासूनच सुरू होऊ शकतो आणि एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात.

आईंना सांगा, काही चुकलेलं नाही. २०२२ मध्येच अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवरून दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो, थोड्यांनाच एमएस होतो. यात आईचा स्वयंपाक कुठेच येत नाही.

कसबापेठी:
आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत. पंचकर्म, रोज वाफ, महिन्यात फरक. व्यनि (खाजगी निरोप) करा.

दांडेकरपूल:
वाफ?! एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती उफाळतात, १८९० पासून माहीत असलेली गोष्ट आहे ही. एप्रिलमध्ये मी लक्ष्मी रोडला दुपारी गेले तर अर्ध्या वाटेत पाय जड होतात. थंडाव्यात बसलं की जातं, तो अटॅक नव्हे. ताप किंवा इन्फेक्शन नसताना नवीन काही सुरू झालं आणि २४ तासांवर टिकलं, तर मात्र डॉक्टरांना फोन.

एरंडवण्याची_मावशी:
मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुणे शाखा आहे, तिथे माणसं भेटतील. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. पुढे गरज पडलीच तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी ससूनला होते. आज तिला लागणार नाही, ४० टक्के दिव्यांगत्वाच्या खाली बहुतेक सवलती मिळत नाहीत. ऑफिसात लगेच सांगायची घाई नको, आधी तिला स्वतःला पचू दे.

विम्याचा_बळी:
पॉलिसी बघून ठेवा. माझ्या कंपनीने "२४ तास अ‍ॅडमिट नव्हतात" म्हणून रिटुक्सिमॅबचा क्लेम नाकारला. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या आधुनिक उपचारांच्या यादीत मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत, रिटुक्सिमॅब त्यातलंच. त्याचा हवाला देऊन तक्रार केली, चार महिने भांडलो, पैसे आले.

दांडेकरपूल:
आणि लग्न-मुलं हा विषय घरात निघणारच. एमएसमुळे आई होण्यात अडथळा नाही, पण औषधाची वेळ त्याप्रमाणे आखावी लागते. टेरिफ्लुनोमाइड ही एमएसची गोळी गर्भाला घातक ठरू शकते, ती कुणी सुचवली तर हे आधी बोला.

पौडफाटा:
सगळ्यांचे आभार. मंगळवारी हिपॅटायटिस आणि टीबीच्या टेस्ट द्यायला जातोय, अँटिबॉडीचंही विचारतो. बहिणीला धागा वाचायला दिला. कढत पाण्याने अंघोळ केली की तो डोळा पुन्हा अंधुक होतो, हे ती महिनाभर आमच्यापासून लपवत होती. आज बोलली.
रिटुक्सिमॅबला दिवसभर बसावं लागतं का?

दांडेकरपूल:
हो, पहिल्या वेळी जवळजवळ. डबा न्या, स्वेटर न्या, एसी फार असतो. आधी अ‍ॅव्हिल (अ‍ॅलर्जीचं, झोप आणणारं औषध) देतात, बहीण घोरत पडेल. तुम्हीच पुस्तक घेऊन जा.