आयर्विनची पातळी गल्लीतल्या माणसाला कळेल अशी कशी सांगावी?

कृष्णाकाठ:
सांगलीत प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आयर्विन ४२ फूट" एवढंच फिरतं, म्हणजे कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५ हे सगळ्यांना पाठ आहे, पण आपल्या दारात पाणी कधी येणार ते त्यातून कळत नाही. गल्लीवार तक्ता करायचाय. कसा करावा?

दगडी_पायरी:
पुलावरचे फूट पट्टीच्या शून्यापासून मोजतात, तुमच्या रस्त्यापासून नव्हे. म्हणून जुन्या पुराच्या खुणेवरून उलटं मोजा. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७.५ फुटांच्या आसपास गेलं. तेव्हाची खूण एखाद्या उंबऱ्याच्या वर ८ फुटांवर असेल, तर त्या उंबऱ्याला पाणी साधारण ४९.५ ला लागेल. खूण नसेल तिथे गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) उंची पुढे न्या. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं. रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग मात्र वेगळा मोजाच. उंबरा कोरडा असतानाच वाट बंद होते, आणि घर कधी सोडायचं ते तिथेच ठरतं.

नोंदवही:
हे पुलाजवळ जमतं. लांब गेलं की पुराच्या पाण्यालाही उतार असतो, त्यामुळे २०२१ च्या खुणेशीही ताडून बघा. दोन आकडे आले तर कमी असेल तो धरा. नाल्याकाठची घरं तक्त्यात वेगळी दाखवा: नदी चढली की नाल्यातून पाणी उलटं येतं, आणि पावसाचं पाणीही तिथेच तुंबतं.

आणखी एक, "४२.६" असं कधीच लिहू नका. कुणी ४२ फूट ६ इंच वाचतो, कुणी ४२ पूर्णांक ६ दशांश.

कृष्णाकाठ:
मेसेजचा नमुना द्याल का? कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा, म्हणजे विसर्गही त्यात घालावा का?

दगडी_पायरी:
"आयर्विन पूल, (तारीख), दुपारी ४: ४२ फूट ३ इंच. ३ तासांत ५ इंच वाढ. ४४ फुटांना अमुक गल्लीची वाट बंद. पुढची नोंद ७ वाजता." तारीख मजकुरातच हवी, नाहीतर गेल्या वर्षीचा मेसेज पुन्हा फिरतो.

विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी) जरूर द्या, पण "म्हणजे इतके फूट वाढणार" असं जोडू नका. वारणा नदी पुलाच्या पुढे हरिपूरला कृष्णेला मिळते. तिला पूर असेल तर कृष्णेचं पाणी पुलापाशी तुंबतं, आणि कोयनेच्या तेवढ्याच विसर्गाला पातळी वेगळी येते.

मोबाइल नसणाऱ्यांसाठी विजेच्या खांबावर, परवानगी घेऊन, ऑइल पेंटचा पट्टा मारा. पाणी त्या पट्ट्यापर्यंत येईल तेव्हाचा आयर्विनचाच आकडा त्यावर लिहा, पाण्याची खोली नको.