सुईला हात लावण्याआधी नळी बघा

दादा, तुमची रिमोटवरची, मेथॅनॉलच्या इंधनावर चालणारी छोटी गाडी खानापूरच्या माळावर फुल थ्रॉटलला मस्त पळते, पण थ्रॉटल सोडला की पाच-सहा सेकंदांत बंद पडते, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी कार्बोरेटरची हाय-स्पीड सुई (फुल थ्रॉटलला किती इंधन जाईल ते ठरवणारा स्क्रू) फिरवायला सांगितलंय. कृपा करून ती हलवू नका. मला लो-स्पीड सुईचा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचं इंधन ठरवणाऱ्या स्क्रूचा, संशय आहे.

इंजिन नीट गरम करा, आयडलला (थ्रॉटल न देता) चालू ठेवा आणि कार्बोरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. आवाज जरासा चढून दोन-तीन सेकंदांनी बंद पडलं तर ठीक. लगेच मेलं तर लीन (इंधन कमी पडतंय), चार-पाच सेकंदांच्या वर चाललं तर रिच (इंधन जास्त होतंय). मग लो-स्पीड सुई एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्साच फिरवायची. उजवीकडे लीन, डावीकडे रिच.

पण त्याआधी नळी! मागच्या श्रावणात मी आठवडाभर सुया फिरवत बसलो होतो. शेवटी नळी बादलीत बुडवून फुंकली, तर निपलपाशी (नळी जिथे बसते त्या तोंडापाशी) केसाएवढ्या चिरेतून बारीक बुडबुडे. तिथून हवा ओढत होती. टोक कापून परत बसवलं, त्याच संध्याकाळी अख्खी टाकी न थांबता चालली.

समुद्रकाठच्या गोव्यातल्या एखाद्या मित्राचं सुईचं सेटिंग मात्र जसंच्या तसं उचलू नका. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, हवा विरळ, त्यामुळे ते इथे रिच पडतं. आणि पावसाळ्यात इंधनाच्या डब्याचं झाकण घट्ट लावा, मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतो. नळी तपासून काय निघालं ते नक्की लिहा.