हरीण आणि एल्क, दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची असल्यास कॅलिबर कोणते निवडावे?

जांबोटीकर (सध्या डेन्व्हर):

सर्वांना नमस्कार. माझे गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे असून गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतो. येथे ठरलेल्या हंगामात आणि सरकारी परवान्याने हरणाची शिकार करता येते, आणि परवान्यापूर्वी सक्तीचे असलेले प्रशिक्षण मी पूर्ण केले आहे. कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी या वर्षी म्यूल डिअरसाठी आणि पुढील वर्षी एल्कसाठी बरोबर येण्यास सांगितले आहे. म्यूल डिअरचा नर आपल्या मोठ्या चितळापेक्षा थोडा जड असतो. एल्कचा नर मात्र तीनशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे भीमगडच्या जंगलातील थोराड सांबराची आठवण यावी एवढा.

आमच्या आजोबांकडे रानडुकरांपासून भात आणि ऊस राखण्यासाठी परवान्याची सिंगल बार बंदूक होती. त्यामुळे बारा बोअर, काडतूस आणि छर्रे एवढेच शब्द माझ्या कानावरचे. रायफलीचे आकडे मला नवीन आहेत. दुकानात मला .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, .३०८ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम अशा चार रायफली दाखवल्या. एकदाच घ्या, सगळ्या जनावरांना चालेल, असे सांगून दुकानदाराने शेवटच्या रायफलीचा आग्रह धरला. सहकाऱ्यांची .३०० मी चांदमारीवर पाच वेळा झाडून पाहिली. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या लागल्या, पुढच्या तीन कागदावर कोठेही गेल्या, आणि रात्री सदरा काढताना खांद्याच्या खोबणीत तळहाताएवढा निळसर डाग दिसला. माझे वजन ६२ किलो आहे. खांद्याला सवय होईल असे समजून तीच घ्यावी, की लहान कॅलिबर घेऊन एल्कचा विचार सोडून द्यावा?

निवृत्त सुभेदार (कॅम्प, बेळगाव):

जांबोटीकर, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे असाल, म्हणून मोकळेपणाने लिहितो. मी शिकारी नाही. मराठा लाईट इन्फंट्रीत असताना बरीच वर्षे जवानांना नेमबाजी शिकवली, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

पहिल्या दोन गोळ्या बऱ्या आणि पुढच्या तीन विखुरलेल्या, यातच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. धक्का बसण्याआधीच शरीराने त्याची धास्ती घेतली. रिक्रूटला हे सांगून पटत नसे, म्हणून आम्ही त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांच्या मध्ये एखादे ड्रिल काडतूस (दारू नसलेले, सरावाचे) भरत असू. दोन गोळ्या सुटत आणि तिसऱ्या वेळी घोडा दाबल्यावर नुसताच खटका वाजे. त्या क्षणी त्याच्या शेजारी पालथे पडून नळीच्या टोकाकडे पाहिले, की ते टोक बोटभर खाली गेलेले दिसे, डोळे मिटलेले असत आणि खांदा पुढे आलेला असे. धक्का तर बसलेलाच नसे! मग त्याला स्वतःलाच कळे की गोळी रायफलीमुळे चुकत नाही. हा प्रयोग तुम्ही सहकाऱ्यांच्या मदतीने, चांदमारीचे सर्व नियम पाळून, अवश्य करून पाहा.

आता आकड्यांविषयी. तुमच्या आजोबांच्या बंदुकीवरचा बारा हा आकडा इंचाचा नव्हता. त्या नळीत बसेल अशा शिशाच्या बारा गोल गोळ्यांचे वजन एक पौंड होते, म्हणून ती बारा बोअर. रायफलीवरचा आकडा मात्र बहुधा गोळीचा किंवा नळीचा व्यास इंचात सांगतो (६.५ हा आकडा मात्र मिलिमीटरचा), आणि तोही काटेकोर नसतो. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि .३०० मॅग्नम या तिन्हींत गोळीचा व्यास एकच आहे, ०.३०८ इंच. फरक आहे तो मागच्या काडतुसात किती दारू मावते याचा. दुकानदार तुम्हाला मोठी गोळी विकत नसून तीच गोळी अधिक वेगाने आणि अधिक धक्क्यासह विकत आहे.

माझे मत .३०८च्या बाजूचे आहे. हे काडतूस १९५२ साली बाजारात आले आणि आमच्या जुन्या ७.६२ एसएलआरचे (सेल्फ लोडिंग रायफलीचे) काडतूस जवळजवळ याच मापाचे होते. बेताच्या बांध्याची हजारो मुले ते झाडायला शिकली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एसएलआर जड होती आणि स्वयंभरणाची असल्यामुळे तिचा धक्का थोडा मऊ लागे, हे खरे आहे. म्हणून तुम्ही फार हलकी डोंगरी रायफल घेऊ नका आणि दस्ता तुमच्या हाताच्या लांबीला बसतो की नाही हे दुकानातच, जाड कोट घालून पाहा.

हल्याळकर (विंडहोक, नामिबिया):

सुभेदार साहेबांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे, पण मोठ्या जनावरांच्या बाबतीत थोडी भर घालतो, कारण कामानिमित्त मी राहतो त्या देशात हा प्रश्न कायद्यानेच आकड्यांत बांधला आहे. नामिबियात स्प्रिंगबॉकसारख्या लहान हरणासाठी नळीच्या तोंडाशी किमान १३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स किंवा ईलँड या मोठ्या हरणांसाठी २७०० ज्यूल आणि केप म्हैस किंवा हत्तीसाठी ५४०० ज्यूल ऊर्जा लागते. कुडूचा नर साधारण आपल्या सांबराच्या वजनाचा असतो आणि केप म्हैस पाहिली की दांडेलीकडचा गवा आठवतो, यावरून अंदाज यावा.

या मोजपट्टीवर तुमच्या रायफली ठेवून पाहा. .२४३ मधील १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला २९६० फूट वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा सुमारे २६०० ज्यूल भरते. हरणासाठी ती भरपूर आहे, कुडूसाठी मात्र थोडक्यात कमी पडते. .३०८ मधील १५० ग्रेनची गोळी २८२० फूट वेगाने सुमारे ३६०० ज्यूल देते. .३०० मॅग्नम १८० ग्रेनच्या गोळीला ४७०० ज्यूलच्या पुढे नेते, तरीही म्हशीच्या मर्यादेखालीच राहते. तेथे .३७५ एच अँड एच लागते, जी १९१२ पासून याच कामासाठी ओळखली जाते. म्हणजे .३०० घेतल्याने तुमच्यासाठी जनावरांचा नवा वर्ग खुला होत नाही, एल्कसाठी .३०८ पुरेशी आहे आणि म्हशीसाठी .३०० अपुरी आहे.

ऊर्जेइतकीच महत्त्वाची आहे ती गोळीची बांधणी, आणि नवखे लोक नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. येथील एका शेतमालकाच्या स्वयंपाकघरात खिडकीवर काचेची बरणी आहे. जनावर साफ करताना सापडलेल्या गोळ्या तो तिच्यात ठेवतो. त्यातील दोन त्याने माझ्या हातावर ठेवल्या. एक पातळ तांब्याच्या आवरणाची, खांद्याच्या हाडावर आपटून फुटलेली, नखाएवढा कपचा उरलेली. दुसरी संपूर्ण तांब्याची, पुढच्या टोकाला चार पाकळ्या उमललेली आणि वजन जवळजवळ तसेच राखलेली. दोन्ही .३०८ याच व्यासाच्या होत्या. म्यूल डिअरसाठी १५० ग्रेनची साधी मऊ टोकाची गोळी चालेल, पण एल्कसाठी १६५ ते १८० ग्रेनची, आवरण आणि शिसे घट्ट जोडलेली किंवा संपूर्ण तांब्याची गोळी घ्या.

६.५ क्रीडमूर मी स्वतः वापरतो. तिचा धक्का .३०८पेक्षा कमी असतो, तिची लांबट गोळी वाऱ्यात कमी भरकटते, आणि म्यूल डिअरसाठी मी तिलाच पहिली पसंती देईन. एल्कचा बेत पक्का असेल तर मात्र जड गोळीसाठी .३०८ बरी.

निपाणीचा वकील:

दोन कायदेशीर गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या आधी पाहायला हव्यात. आपण तेथे कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार आपल्याला सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातील एक मान्य अपवाद आहे. म्हणून परवाना हाती येण्यापूर्वी रायफल ताब्यात घेऊ नका, त्याची मुदत संपू देऊ नका, आणि खरेदीपूर्वी तेथील वकिलाचा लेखी सल्ला घ्या. कोलोरॅडोचा नियम असा आहे, की मोठ्या जनावरासाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची हवी, गोळी हरणासाठी किमान ७० ग्रेनची आणि एल्कसाठी ८५ ग्रेनची हवी, आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा १००० फूट-पौंड भरायला हवी. त्यामुळे .२४३ एल्कसाठीही कायद्यात बसते, पण कायद्यात बसणे आणि कामाला पुरेसे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

हा धागा गावाकडची मुलेही वाचतील, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले आहेत. खानापूरच्या रानात भेकरावर झाडलेली गोळी हा गुन्हाच आहे.

जांबोटीकर (सध्या डेन्व्हर):

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. वकील साहेब, मी कामाच्या व्हिसावरच आहे. परवाना येईपर्यंत खरेदी थांबवली आहे. सुभेदार काका, ड्रिल काडतुसाचा प्रयोग काल सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली केला. त्यांनी फोनवर चित्रण केले आणि खटका वाजला तेव्हा नळी खाली गेलेली मी स्वतः पाहिली. त्यानंतर त्यांच्या मुलाच्या .३०८ने दहा गोळ्या झाडल्या. १०० यार्डांवर बसून झाडलेल्या दहापैकी आठ जेवणाच्या कागदी थाळीत लागल्या आणि खांदा ठीक आहे. .३०८ घेण्याचे ठरवले आहे. रायफलीवरची दुर्बीण किती यार्डांवर जुळवावी?

निवृत्त सुभेदार (कॅम्प, बेळगाव):

उत्तम झाले. २०० यार्डांवर जुळवा, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेम धरलेल्या जागीच लागेल. १६५ ग्रेनची गोळी मग १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर लागेल आणि ३०० यार्डांवर जवळजवळ वीतभर खाली जाईल. हरणाच्या छातीतील हृदय आणि फुप्फुसांचा भाग तुमच्या त्या थाळीएवढाच असतो, म्हणून ३०० यार्डांवर अंदाजाने नेम वर धरणे पहिल्या हंगामात पूर्ण टाळा. जनावर दूर असेल तर जवळ जा. जवळ जाता येत नसेल तर गोळी झाडू नका, कारण जखमी होऊन रानात निघून गेलेल्या जनावराचे हाल तुमच्या हातून झालेले असतील.

सराव टेबलावर कमी आणि मांडी घालून, गुडघ्यावर बसून जास्त करा. एका दिवशी वीसपेक्षा अधिक गोळ्या झाडू नका, नाही तर जुनी धास्ती परत येईल. शिकारीसाठी जी गोळी नेणार असाल तिनेच दुर्बीण जुळवा, कारण गोळीचे वजन बदलले की लागण्याची जागाही बदलते. रोजची पहिली, थंड नळीतून सुटलेली गोळी कोठे लागली ते तारखेसह वहीत वेगळे लिहीत जा. हंगामाआधी अशा दहा नोंदी झाल्या की येथे कळवा, मग २०० यार्डांच्या पुढचे बोलू.